‘शेतकऱ्यांची’ हा शब्द आणि इंटरनेटचा पत्ता: डोमेन नावांच्या जागतिक कारभारात मराठवाड्यातून सहभागी कसे व्हावे

दोन वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने तूरडाळ थेट ग्राहकांना विकण्यासाठी संकेतस्थळ काढायचे ठरवले आणि त्याचा पत्ता मराठीतच हवा, असा संचालकांनी आग्रह धरला. पत्त्यात ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द होता. कार्यालयातील दोन संगणकांवर दोघांनी तो टाइप केला, दोन्ही पडद्यांवर तो तंतोतंत सारखा दिसला, तरी नोंदणीच्या पानाने एकाचा शब्द स्वीकारला आणि दुसऱ्याचा फेटाळला. मला त्या कामासाठी बोलावले होते. कारण हाती लागेपर्यंत संध्याकाळ झाली. एका कळफलकावर ‘ऱ्या’मधला अर्धा र हा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून तयार होत होता, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, मग हलन्त आणि मग जोडणीचे एक अदृश्य चिन्ह अशा क्रमाने. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द होते. ते अदृश्य चिन्ह नुसते काढून टाकले, तर शब्द ‘शेतकर्यांची’ असा होतो, रफार ‘या’च्या डोक्यावर चढतो आणि ज्यांच्या नावाने कंपनी उभी राहिली त्यांचेच नाव चुकीचे लिहिले जाते.

पत्त्यात कोणते अक्षर चालेल, कोणते चालणार नाही, दोन सारखी दिसणारी नावे दोन वेगळ्या माणसांना द्यायची की नाही, नावाची मुदत संपल्यावर मालकाला किती दिवस मिळतील, हे सारे कोणीतरी बसून ठरवलेले असते. यातील बहुतेक चर्चा खुल्या असतात. तिथे बसायला पैसे लागत नाहीत, पदवी लागत नाही, सरकारी ओळखपत्रही लागत नाही. तरीही मराठवाड्यातून तिथे बोलणारी माणसे माझ्या पाहण्यात फार थोडी आली. वाचनालय, शाळा, बचत गट, सहकारी संस्था किंवा शेतकरी कंपनी चालवणाऱ्या ज्या कोणाला हे काम हाती घ्यावेसे वाटेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी कोणाकडे काय आहे ते समजून घ्यावे

इंटरनेटचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. शेवटच्या टिंबानंतरचा भाग सर्वांत वरचा, म्हणून त्याला टॉप लेव्हल डोमेन म्हणतात. रोमन लिपीतील ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’, ‘.इन’ आणि देवनागरीतील ‘.भारत’ ही त्याची उदाहरणे. अशा सर्व वरच्या नावांची एक मूळ यादी असते, तिला रूट झोन म्हणतात. त्या यादीत काय जाईल आणि कोणत्या नियमाने जाईल, याचा समन्वय आयकॅन ही संस्था करते. ३० सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ती ना-नफा संस्था म्हणून नोंदली गेली. या मूळ यादीच्या कामावर अमेरिकी सरकारची कराराने देखरेख होती, ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली आणि तेव्हापासून अंतिम अंकुश सहभागी समुदायांकडे आला. संचालक मंडळाने केलेले अंदाजपत्रक नाकारण्याचा आणि संचालकांना पदावरून दूर करण्याचा अधिकार या समुदायांना नियमावलीनेच दिला आहे.

आयकॅनच्या आत तीन धोरण-संघटना आहेत. ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’सारख्या सर्वसाधारण नावांचे धोरण जीएनएसओ करते, देशांच्या नावांविषयीचे सामाईक प्रश्न सीसीएनएसओ पाहते आणि इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांना मिळणाऱ्या आयपी क्रमांकांचे धोरण एएसओकडे असते. त्यांच्या जोडीला चार सल्लागार समित्या आहेत. जीएसी ही सरकारांची समिती असून तिथे भारत सरकार बसते, दोन समित्या सुरक्षा आणि मूळ यादी पुरवणारे सर्व्हर यांच्या आहेत, आणि चौथी एएलएसी ही सामान्य वापरकर्त्यांची. आपल्या दृष्टीने ही चौथी सर्वांत महत्त्वाची. तिच्यात १५ सदस्य असतात. जगाचे पाच भाग पाडले आहेत, प्रत्येक भागातून दोन सदस्य निवडले जातात आणि उरलेले पाच एक नामनिर्देशन समिती नेमते.

ही रचना ऐकताना मला नेहमी पाणी वापर संस्था आठवतात. नाथसागरातून निघालेल्या डाव्या कालव्यावर शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी मिळेल की नाही, हे वरच्या अंगाच्या लोकांच्या मर्जीवर राहू नये, म्हणून २००५ च्या कायद्याने संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांतील माणसे घेणे ठरवून दिले. जागतिक भागांची वाटणीही त्याच हेतूने केलेली आहे. पण जागा राखीव असली तरी त्या जागेवर जाऊन बसावे लागते, हे आपल्याकडच्या कोणत्याही कालव्यावरचा शेतकरी सांगेल.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण इथे चूक झाली की महिनोन्महिने वाया जातात. ‘.इन’ आणि ‘.भारत’ यांचे नियम आयकॅन करत नाही. ते निक्सी ही भारतातील ना-नफा कंपनी करते. ती २००३ मध्ये स्थापन झाली आणि २००५ पासून ‘.इन’ची नोंदवही, म्हणजे त्याखालील सर्व नावांची नोंद, तिच्याकडे आहे. ‘.इन’ नावावरून वाद झाला तर त्यासाठी भारतातील स्वतंत्र लवाद-पद्धत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘.बँक.इन’ या राखीव नावावर नेण्यास सांगितले, तो निर्णयही देशातच झाला आणि तो आपल्या जिल्ह्यांतील सहकारी बँकांच्या ग्राहकांपर्यंत पोहोचला. संकेतस्थळावर काय छापले आहे, बदनामी आहे की फसवणूक आहे, याच्याशी आयकॅनचा संबंध नाही. तो विषय पोलिसांचा आणि न्यायालयाचा.

पहिली पायरी: स्वतःच्या संस्थेचे नाव कोणाच्या नावावर आहे ते पाहणे

जागतिक धोरणाकडे जाण्याआधी घरची कागदपत्रे तपासावीत. यात कमीपणा काही नाही. ज्याने आपल्या नावाची नोंद एकदा उघडून पाहिली आहे, त्यालाच धोरणाचा मसुदा वाचताना त्यातील शब्द ओळखीचे वाटतात.

आमच्या तालुक्यातील एका वाचनालयाचा अनुभव मी स्वतः पाहिला आहे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवले होते. पुढे तो पुण्याला गेला, त्याचा जुना ईमेल बंद पडला, मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पत्त्यावर जात राहिल्या आणि वाचनालयाला कळले तेव्हा त्यांच्या नावावर कोणाच्या तरी जाहिराती चालू होत्या. दहा वर्षांच्या व्याख्यानमालेची छायाचित्रे त्या पत्त्यावर होती. वाचनालयाचे सचिव मला म्हणाले, “सर, पैसे तर आम्हीच दरवर्षी भरत होतो.” पैसे त्यांनी भरले होते, पण नोंदीत त्यांचे नाव कुठेच नव्हते.

म्हणून आजच आपल्या डोमेनची नोंद उघडून पाहावी. ‘रजिस्ट्रंट’ (नावाचा धारक) या रकान्यात संस्थेचे नाव आहे का, ईमेल संस्थेचा आहे का, तो निदान दोन पदाधिकारी पाहतात का, आणि रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याचा पासवर्ड संस्थेच्या ताब्यात आहे का, एवढे चार प्रश्न पुरेत. २०१८ नंतर खासगीपणाच्या नियमांमुळे ही माहिती सार्वजनिक शोधात बहुधा झाकलेली दिसते, त्यामुळे ती रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच पाहावी लागते. आयकॅनच्या नियमाप्रमाणे ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’सारख्या नावांच्या बाबतीत रजिस्ट्रारने मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी आणि सुमारे एक आठवडा आधी सूचना पाठवली पाहिजे, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत पुन्हा एकदा. नाव रद्द झाल्यानंतरही ३० दिवसांचा एक काळ असतो, त्यात मूळ मालक जास्त शुल्क भरून ते सोडवून घेऊ शकतो. वाचनालयाला हे माहीत असते तर नाव वाचले असते. हे नियमही अशाच खुल्या चर्चांतून आलेले आहेत.

दुसरी पायरी: शिकणे, ऐकणे, वेळ लावून घेणे

आयकॅनच्या संकेतस्थळावर एक खाते उघडावे. त्याच खात्याने त्यांचे मोफत ऑनलाइन वर्ग, टिप्पणीचा अर्ज आणि बैठकांची नोंदणी करता येते. सुरुवातीला प्राथमिक वर्ग पुरे करावा आणि मग दोन महिने नुसते ऐकावे. बहुतेक कार्यगटांच्या बैठका ऑनलाइन होतात, त्यांचे ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन नंतर वाचायला मिळते. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. बैठक युरोप-अमेरिकेच्या सोयीची असेल तर आपल्याकडे रात्र होते, तेव्हा शब्दांकन वाचणे हा चांगला मार्ग आहे.

भाषेची अडचण खरी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. आयकॅनची मुख्य कागदपत्रे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी, चिनी आणि रशियन अशा सहा भाषांत येतात. मराठी त्यात नाही, हिंदीही नाही. माझा सल्ला असा की विचार, चर्चा आणि पहिला मसुदा पूर्णपणे मराठीत करावा आणि अगदी शेवटी एका जाणकाराकडून साध्या इंग्रजीत उतरवून घ्यावा. इंग्रजीत लिहायला बसल्यावर आपली माणसे आपला मुद्दा सोडून कागदपत्रातलीच वाक्ये पुन्हा लिहितात, हे मी अनेकदा पाहिले आहे. इंग्रजी साधी असली तर बिघडत नाही, कारण तिथे वाचणाऱ्या कित्येकांची ती मातृभाषा नाही.

आद्याक्षरांची एक वही करावी. तिथे प्रत्येक समितीला तीन-चार अक्षरांचे नाव आहे आणि पहिल्या बैठकीत डोके भांबावते. आठवड्याभरात ते ओळखीचे होते.

तिसरी पायरी: एकच विषय धरणे

इथे चर्चेला विषय पुष्कळ असतात. सगळ्यांत बोट घालू नये. मराठवाड्यातील मराठी वापरकर्त्याला जे आतून माहीत आहे आणि बाहेरच्याला माहीत नाही, तेच धरावे. माझ्या मते असे दोन विषय आहेत.

पहिला विषय लिपीचा. मूळ यादीत देवनागरीतील वरची नावे कोणत्या नियमांनी घ्यायची, हे ठरवण्यासाठी ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांचा एक तज्ज्ञ-समुदाय गट काम करत होता. त्याचा देवनागरीचा प्रस्ताव लोकांच्या टिप्पणीसाठी मांडला गेला आणि २०१९ मध्ये तो मूळ यादीच्या नियमावलीत आला. या नियमांत मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, सिंधी अशा अनेक भाषा एकाच लिपीत नांदवायच्या असतात. हिंदीभाषकाला ‘ळ’ची गरज भासत नाही, पण ‘परळी’ हे गाव ‘परली’ लिहून चालत नाही. ‘ऱ’ हे अक्षर एरवी कोणी एकटे लिहीत नाही, पण ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘आचाऱ्यांना’ हे शब्द त्याच्यावाचून अडतात. ‘आचार्यांना’ बोलावले आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले यांत किती अंतर आहे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, परदेशातील अभियंत्याला मात्र ते दाखवावे लागते. मूळ यादीत ते अदृश्य जोडचिन्ह अजिबात चालत नाही, म्हणूनच ‘ऱ’चे स्वतंत्र अक्षर मराठीसाठी मोलाचे आहे. अंकही तिथे चालत नाहीत, देवनागरी नाहीत आणि रोमनही नाहीत. दुसरीकडे, देवनागरी आणि गुरुमुखी यांतील काही अक्षरे दिसायला सारखी असल्याने एकाच दिसण्याची दोन नावे दोन मालकांना जाऊ नयेत, अशीही तरतूद करावी लागते.

हे नियम वरच्या नावांचे झाले. टिंबाच्या डावीकडचे नाव, म्हणजे आपली संस्था प्रत्यक्ष नोंदवते ते, त्या त्या नोंदवहीच्या नियमांनी चालते आणि तिथे अजून बरीच तफावत आहे. स्वतः करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. ‘ॲ’ हे अक्षर एका संगणकावर एकच कळ दाबून काढावे आणि दुसऱ्यावर ‘अ’ला चंद्र जोडून काढावे. दोन्ही शब्द एका साध्या मजकूर-फाईलमध्ये ठेवून एकातून दुसरा शोधावा. शोध बहुधा रिकामा येतो. आता हाच प्रकार ‘ॲग्रो’ या शब्दाने सुरू होणाऱ्या पत्त्यात झाला तर ग्राहक कुठे पोहोचेल, याचा विचार करावा. आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. देवनागरी नाव आतल्या यंत्रणेत रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलले जाते, त्याला पनीकोड म्हणतात, आणि त्या रूपात नावाचा एक भाग ६३ अक्षरांहून मोठा चालत नाही. त्यामुळे संस्थेचे लांबलचक नोंदणीकृत नाव देवनागरी पत्त्यात बसेलच असे नाही, ते आधी तपासावे.

रोमन लिपीत लिहिण्याने ही अडचण सुटत नाही. ‘बीड’ रोमनमध्ये दोन स्वरांनी लिहितात तसेच एका स्वरानेही लिहितात. ‘परळी’च्या ‘ळ’साठी रोमनमध्ये वेगळे अक्षरच नाही आणि ‘अंबाजोगाई’ची दोन-तीन स्पेलिंगे दुकानांच्या पाट्यांवर दिसतात. प्रत्येक पर्यायी स्पेलिंग ही फसवणूक करणाऱ्याला मिळालेली एक मोकळी जागा असते. देवनागरीत गावाचे नाव बहुधा एकाच प्रकारे लिहिले जाते. मराठी पत्त्याचा आग्रह हा मला म्हणूनच सुरक्षिततेचाही प्रश्न वाटतो.

दुसरा विषय सर्वत्र स्वीकाराचा, ज्याला युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स म्हणतात. ‘.भारत’ हे देवनागरी नाव २७ ऑगस्ट २०१४ पासून मराठीसह आठ भाषांसाठी खुले झाले, पण नाव नोंदवता येणे आणि ते सगळीकडे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे पान, दुकानाचे बिल करणारे सॉफ्टवेअर, या ठिकाणी देवनागरी ईमेल टाकला की ‘अवैध पत्ता’ असा लाल शेरा येतो. दोष त्या पत्त्यात नसतो, अर्ज बनवणाऱ्याने फक्त रोमन अक्षरेच गृहीत धरलेली असतात. या कामासाठी २०१५ मध्ये एक जागतिक गट स्थापन झाला आणि २८ मार्च २०२३ रोजी पहिला सर्वत्र स्वीकार दिवस पाळला गेला. दरवर्षी त्या सुमारास होणाऱ्या कार्यक्रमांत महाविद्यालयांना सामील होता येते.

चौथी पायरी: पुरावा गोळा करणे

जागतिक बैठकीत ‘आमच्यावर अन्याय होतो’ असे म्हणणाऱ्याकडे सहानुभूतीने पाहतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. वीस अर्जांची तपासणी करून, कोणत्या अर्जात कोणता पत्ता टाकला, कोणत्या दिवशी, कोणत्या ब्राउझरवर आणि पडद्यावर नेमका कोणता शेरा आला, याचा तक्ता ठेवणाऱ्याला मात्र थांबवून प्रश्न विचारले जातात.

असा तक्ता करणे अवघड नाही. एका महाविद्यालयातील चार विद्यार्थी दोन शनिवारांत तो करू शकतात. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील दोन्ही विद्यापीठांत मराठीचे आणि संगणकाचे विभाग आहेत. शब्द कोणता अडतो हे मराठीचा विद्यार्थी सांगेल आणि तो का अडतो हे संगणकाचा. एकट्या संगणकाच्या विद्यार्थ्याने केलेल्या तक्त्यात ‘ऱ्ह’ची चाचणी राहून जाते, असा माझा अनुभव आहे. चाचणीत ‘ळ’, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि अनुस्वार यांचे निदान एकेक नाव असावे. पडद्याचे छायाचित्र घ्यावे, पण त्यात कोणाचा आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक दिसू देऊ नये.

पाचवी पायरी: टिप्पणी लिहिणे

आयकॅन कोणतेही महत्त्वाचे धोरण अंतिम करण्याआधी ते लोकांसमोर मांडते आणि टिप्पणीसाठी साधारणपणे किमान ४० दिवस देते. टिप्पणी ऑनलाइन अर्जातून जाते आणि टिप्पणी करणाऱ्याच्या नावासह जाहीर होते, म्हणून संस्थेच्या वतीने लिहायचे असेल तर कार्यकारिणीचा ठराव आधी करून घ्यावा.

४० दिवस वाटतात त्याहून कमी असतात. पहिला आठवडा कागद वाचण्यात जातो. म्हणून दुसऱ्या आठवड्यात एक बैठक घेऊन एकच मुद्दा ठरवावा, तिसऱ्या आठवड्यात मराठी मसुदा करावा, चौथ्यात भाषांतर, आणि उरलेले दिवस चुका दुरुस्त करण्यासाठी ठेवावेत. टिप्पणी दोन पानांहून मोठी नसावी. आपण कोण, आपला अनुभव कुठला, मसुद्याच्या कोणत्या परिच्छेदावर आक्षेप आहे, त्याने प्रत्यक्ष काय बिघडेल आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, एवढे त्यात असावे. शेवटचा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि तोच सर्वांत उपयोगी असतो, कारण मसुदा लिहिणाऱ्या गटाला पर्यायी वाक्य आयते मिळाले तर ते चर्चेत घेणे सोपे जाते. टिप्पण्यांची मुदत संपल्यावर आयकॅनचे कर्मचारी त्यांचा गोषवारा प्रसिद्ध करतात, त्यात आपला मुद्दा बरोबर मांडला आहे का ते पाहावे आणि नसेल तर कळवावे.

टिप्पणीने काय होते आणि काय होत नाही, हे ‘.ऑर्ग’च्या प्रकरणात स्पष्ट दिसले. आपल्याकडच्याही कित्येक सेवाभावी संस्था हेच नाव वापरतात. २०१९ मध्ये ‘.ऑर्ग’च्या वार्षिक शुल्कावरची कमाल मर्यादा काढण्याचा प्रस्ताव आला. तीन हजारांहून अधिक टिप्पण्या आल्या, त्यांतील बहुसंख्य विरोधात होत्या, तरी ३० जून २०१९ रोजी मर्यादा काढणारा करार झाला. मला ते तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘.ऑर्ग’ची नोंदवही चालवणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकण्याचा व्यवहार जाहीर झाला. या वेळी जगभरच्या ना-नफा संस्था एकत्र आल्या, त्यांनी पत्रे लिहिली, संचालक मंडळाला प्रश्न विचारले, बैठकांत उभे राहून बोलल्या, आपापल्या लोकप्रतिनिधींपर्यंत गेल्या, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनीही आक्षेपाचे पत्र दिले आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनच्या मंडळाने त्या व्यवहाराला संमती नाकारली. पहिल्या वेळी कित्येक टिप्पण्या एकाच नमुन्याच्या होत्या आणि टिप्पणी पाठवून लोक थांबले. दुसऱ्या वेळी ते पाच महिने सतत पाठपुरावा करत राहिले.

सहावी पायरी: सभासद होणे

दोन-तीन टिप्पण्या झाल्या की एखाद्या गटाचे सभासद व्हावे. सामान्य वापरकर्त्यांसाठी आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत बेटांचा मिळून एक विभागीय संघ आहे, त्याला एपीआरएएलओ म्हणतात. तिथे व्यक्ती म्हणून येता येते आणि संस्था म्हणूनही. संस्थेला ॲट-लार्ज स्ट्रक्चर म्हणून मान्यता घ्यावी लागते. त्यासाठी संस्था वापरकर्त्यांनीच चालवलेली असावी, स्वतःच्या खर्चाने चालणारी असावी आणि तिची माहिती लोकांना पाहता येईल अशी असावी. अर्जाची छाननी होते, विभागीय संघाचे मत घेतले जाते आणि शेवटी एएलएसी निर्णय देते. सेवाभावी संस्थांना जीएनएसओमधील बिगरव्यापारी गटाचाही मार्ग आहे आणि जिथे धोरणाचा मसुदा प्रत्यक्ष लिहिला जातो त्या टेबलाजवळ तो जास्त नेतो. व्यापारी संस्थांसाठी व्यवसायांचा वेगळा गट आहे.

माझे मत विचाराल तर आधी व्यक्ती म्हणून जावे. संस्थेची मान्यता घेतल्यावर मतदानाची आणि उपस्थितीची जबाबदारी येते. आपल्याकडे कार्यकारिणी बदलली की असे काम थांबते, आणि उत्तरे न देणारी संस्था यादीत असण्यापेक्षा दर महिन्याला बैठकीत दिसणारा एक माणूस जास्त कामाचा असतो. कार्यगटांत बहुतेक निर्णय हात मोजून होत नाहीत. चर्चा करत करत सहमती कुठे झुकते हे अध्यक्ष पाहतात. ज्याचा चेहरा ओळखीचा आहे आणि ज्याने मागच्या वेळी कबूल केलेले काम केले आहे, त्याचे म्हणणे अशा ठिकाणी लक्ष देऊन ऐकले जाते.

बैठका, प्रवास आणि तरुण मंडळी

आयकॅनच्या वर्षाला तीन मोठ्या सार्वजनिक बैठका होतात. प्रवेश विनामूल्य असतो आणि घरबसल्या ऑनलाइनही सहभागी होता येते. भारतात २००८ मध्ये नवी दिल्लीला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला अशी बैठक झाली. नांदेडहून हैदराबाद एका रात्रीच्या प्रवासाचे गाव आहे, तरी तेव्हा आपल्या भागातून कोणी गेल्याचे मला ठाऊक नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे, कारण मी स्वतःही गेलो नव्हतो.

प्रवासाचा खर्च परवडत नसेल तर फेलोशिप आहे. ती २१ वर्षांवरील व्यक्तींना प्रवास आणि निवासासह बैठकीला नेते. १८ ते ३० वयाच्या विद्यार्थ्यांसाठी नेक्स्टजेन हा वेगळा कार्यक्रम आहे. अर्जात ‘मला शिकायचे आहे’ एवढेच लिहिले तर निवड होणे कठीण जाते. चौथ्या पायरीचा तक्ता आणि पाचव्या पायरीची टिप्पणी हाताशी असेल तर अर्जात लिहायला खरे काही असते. भारतात इंटरनेट कारभाराची एक वार्षिक शाळाही २०१६ पासून भरते, सुरुवातीला तिथे जाऊन येणे सोपे पडते.

नव्या नावांची फेरी

हे प्रकरण सध्या निकडीचे आहे. २०१२ मध्ये आयकॅनने नव्या वरच्या नावांसाठी अर्ज मागवले, तेव्हा १,९३० अर्ज आले आणि त्यांतून बाराशेहून अधिक नवी नावे यादीत आली. पुढच्या फेरीचे अर्ज सुरू होण्याची तारीख ३० एप्रिल २०२६ अशी जाहीर झाली असून एका अर्जाचे मूळ शुल्क २,२७,००० अमेरिकी डॉलर आहे. एवढी रक्कम आपल्यापैकी कोणी भरणार नाही. पण अर्ज जाहीर झाल्यावर त्यांवर टिप्पणी करणे सर्वांना मोकळे असते. शहराचे नाव त्या शहराच्या ओळखीसाठी वापरायचे असेल तर अर्जदाराला संबंधित शासनाचा पाठिंबा किंवा ना-हरकत दाखवावी लागते, आणि एखाद्या समुदायाच्या नावावर कोणी अर्ज केला तर त्या समुदायाला औपचारिक आक्षेप घेण्याची तरतूद आहे. औपचारिक आक्षेपाला शुल्क असते, पण काही बाबतींत एएलएसी वापरकर्त्यांच्या वतीने तो घेऊ शकते. सहाव्या पायरीवरची ओळख इथे उपयोगी पडते.

म्हणून जाहीर झालेल्या अर्जांची यादी एकदा बसून पूर्ण वाचावी. देवनागरीतील प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारून पाहावे, मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते लिहावे, आणि रोमनमधील नावांत आपल्या गावाचे, विणीचे, पिकाचे, संताचे किंवा समाजाचे नाव लपले आहे का ते पाहावे. उदाहरण द्यायचे तर ‘पैठणी’ हा शब्द कोणा एका कंपनीच्या मालकीचे वरचे नाव झाला, तर येवला आणि पैठण येथील विणकरांना त्याखाली पत्ता देणे किंवा न देणे त्या कंपनीच्या हाती राहील. असे काही दिसले तर त्याच दिवशी वहीत अर्जाचा क्रमांक, टिप्पणीची अंतिम तारीख आणि ती लिहिण्याची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव नोंदवावे, आणि संस्थेच्या पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा.